पँट्रीतले पगारे सर

पगारे सर रोज सकाळी ऑफिसात आले की जेवणाचा डबासुद्धा खाली न ठेवता पँट्रीत शिरत, एक कप कडक कॉफी काढत आणि ती अख्खीच्या अख्खी बेसिनमध्ये ओतून देत. नव्या माणसाला वाटे, बिघडली असणार. तो बिचारा सहानुभूतीनं विचारायला जाई. सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "बिघडली नाही. ही मशीनची होती. पुढची माणसांची."

नाशिकजवळ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग करणारा आमचा कारखाना. मी पर्चेसमध्ये, आणि माझं टेबल पँट्रीच्या दाराला लागून. त्यामुळे ऑफिसात कोण किती वेळा पाणी प्यायला येतो आणि कोण नुसताच फोनवर बोलायला, हे मला न विचारता कळत असे. पगारे सर इन्स्पेक्शनचे प्रमुख. केसाच्याही अंशाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस. कॉफीच्या वाटेला ते कसे गेले, हे बरेच दिवस कुणालाच उमगलं नव्हतं, कारण सर स्वतः पीत चहा. तोही गेटबाहेरच्या टपरीवरचा, उभ्यानं, बशीतून.

ते मशीन आमच्याकडे आलं तेच चुकून. इटलीहून गिऱ्हाईक येणार, म्हणून मालकांनी हौसेनं भलंमोठं एस्प्रेसोचं मशीन आणवलं. सोबत बिया दळायचा ग्राइंडर, दांड्याची चाळणी, वाफेची नळी, सगळा थाट. पाहुणे आले, मशीनशेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढले, आणि मग तिन्ही दिवस टपरीवर जाऊन आल्याचा चहा प्याले. ते गेल्यावर मशीन लग्नात आलेल्या डिनर सेटसारखं नुसतं पडून राहिलं. मालक म्हणाले, सगळ्यांनी वापरा. मग सगळ्यांनी वापरलं.

म्हणजे कसं, तर कुणी चाळणीत इन्स्टंट कॉफीची पूड भरून बटण दाबलं. कुणाला खोकला झाला, तर त्यानं वाफेच्या नळीवर हळदीचं दूध तापवलं आणि नळी पिवळीजर्द केली. सेल्सचे कोठावदे, माणूस अतिशय दिलदार पण कायम घाईत. त्यांनी तर चतुर्थीला कळसच केला. खिचडीला कूट कमी पडला म्हणून भाजलेले शेंगदाणे त्यांनी सरळ कॉफीच्या ग्राइंडरमध्ये दळले.

दुसऱ्या दिवशी कॉफीवर तेलाचा तवंग. पगारे सरांनी कप नाकाशी नेला, खाली ठेवला, आणि ग्राइंडर उचलून इन्स्पेक्शनच्या टेबलावर नेला. पांढऱ्या कापडावर त्याचा एकेक भाग मांडला आणि दात घासायच्या ब्रशनं घासत बसले. जेवणाच्या सुट्टीत कोठावदे माफी मागायला गेले. सर शांतपणे म्हणाले, "शेंगदाणा वाईट नाही हो कोठावदे. पण त्याचं घर वेगळं."

पुढे यावर एचआरच्या मुलीनं मीटिंगच घेतली. मशीन सर्वांचं आहे, कुणा एकाचं नाही, असं तिनं गोड आवाजात सांगितलं. पगारे सर उठून म्हणाले, "सर्वांचं आहे हे मान्य. पण मग पुसायचं कुणी?" सगळ्यांनी एकदम वह्या मिटल्या. त्या दिवसापासून पुसायचं काम सरांकडे आलं, आणि त्याच्यासोबत अघोषित मालकीही.

सकाळी कुणी घाईनं कप पुढे केला, तर ते हात आडवा धरत. "थांबा, मशीन अजून बोललं नाही." मशीन तापलं की आतून एक बारीक सुस्कारा येई. तो आला की सर मान डोलावत आणि कामाला लागत. चाळणीत कॉफी भरायची, बोटानं सारखी करायची, वरून दाबायची. दाबताना ओठ असे आवळलेले, जणू कुणाची जखम बांधताहेत. मग खाली वाकून ते धारेकडे बघत. धार बारीक, उंदराच्या शेपटीएवढी, आणि रंगानं काकवीसारखी पडायला हवी. ती तशी क्वचितच पडे. कारण दळण जाड-बारीक करायची ग्राइंडरची चकती जाता येता कुणीतरी फिरवलेली असे. सर मात्र कुणाला दोष देत नसत. "आज हवा दमट आहे," एवढंच म्हणत. नाशिकची हवा त्यांनी मे महिन्यातसुद्धा दमट ठरवली होती.

त्यांना ॲसिडिटी. डॉक्टरांनी कॉफी बंद केलेली. म्हणून ते चमच्यानं एक घोट जिभेवर घेत, डोळे मिटत आणि थुंकून टाकत. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान होत नसे, दुसरी जीभ लागे, आणि सगळ्यात जवळची जीभ माझी होती. मी म्हणे, "कडू आहे." ते विचारत, "कडू म्हणजे कसं? कारल्यासारखं, की औषधासारखं?" मी आपली सांगे, करपलेल्या भाकरीसारखं. ते गंभीर होऊन मान हलवत आणि चकती अर्धं बोट फिरवत. मला आधी कॉफी आवडत नसे. नंतरही फारशी आवडली नाही. पण त्या माणसाला नाही म्हणवत नसे.

एका शनिवारी वसाहतीतली वीज गेली. जनरेटर फक्त शॉपपुरता, खालच्या यंत्रांसाठी. ऑफिसात सगळे खिडक्या उघडून बसले होते. सर पँट्रीत थंड पडलेलं मशीन फडक्यानं पुसत होते. मी सहज विचारलं, सर, तुम्ही पीत नाही, घरी कुणी पीत नाही, मग एवढा जीव का टाकता यात? मला वाटलं, काहीतरी मिश्कील उत्तर येईल. त्यांनी फडकं घडी करून ठेवलं आणि स्टूल ओढून बसले.

त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. इंजिनियर झाली, चांगली नोकरी लागली, आणि दोन वर्षांत ती सोडून कॉलेज रोडच्या एका कॉफीच्या दुकानात कामाला राहिली. तिला ते काम मनापासून आवडलं होतं. घरी तिनं फक्त कॉफीच्या धंद्यात आहे असं सांगितलं होतं. एका संध्याकाळी सर नात्यातल्या दोघांबरोबर नेमके त्याच दुकानात गेले. मुलगी ॲप्रन बांधून लोकांच्या उष्ट्या कपांचा ट्रे घेऊन चालली होती. तिनं वडलांना पाहिलं आणि हसली.

"मी मान फिरवली, मॅडम," सर म्हणाले. "ओळखच दाखवली नाही. पाहुण्यांना म्हटलं, इथं फार गर्दी आहे, दुसरीकडे जाऊ."

सरांची आई देवळालीच्या बंगल्यांवर भांडी घासायची. नाशिकरोडहून पहाटे चालत जायची. तिच्या जोरावर सर शिकले, डिप्लोमा केला, साहेब झाले. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून त्यांनी आईला सांगितलं होतं, आता आपल्या घरातलं कुणीही दुसऱ्याचं उष्टं उचलणार नाही. त्या रात्री त्यांनी मुलीलाही तेच ऐकवलं. आजीनं हयातभर लोकांची भांडी घासली, ती काय तू पुन्हा घासावीस म्हणून? प्रज्ञा रडली नाही, ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "आजी रस्त्यात भेटली, तर तिलाही बघून मान फिरवायचात का, पप्पा?"

सर म्हणाले, "फिरवली होती. शाळेत असताना एकदा. बरोबर मुलं होती. प्रज्ञाला हे ठाऊक असायचं कारण नाही, ती आपली सहज बोलली. पण मला उत्तर देता येईना. उत्तर येईना म्हणून मी जास्त बोललो. नको ते बोललो."

ती बंगळुरूला निघून गेली. तिथं शिकली, पुढे दुसऱ्यांना कॉफी शिकवू लागली. आईशी रोज बोले. वडलांशीही बोले, भांडण असं काही राहिलं नव्हतं. जेवलीस का, जेवलात का, तब्येत बरी आहे ना, आईला देतो. एकदा ती आईला फोनवर सांगत होती, आज धारच नीट पडत नव्हती, दिवस वाया गेला. सर शेजारीच बसले होते. त्यांना फार वाटलं, काहीतरी विचारावं. पण काय विचारायचं तेच कळेना.

"तिच्याशी बोलायला प्रश्न तर हवा ना, मॅडम. जेवलीस का, जेवलीस का, किती वर्षं विचारायचं?" सर म्हणाले. "आणि घरी असलं मशीन कुठून आणणार? इथं आयतं होतं."

मी विचारलं, तिला सांगितलंत? ते म्हणाले, जमलं की सांगीन. आधी जमू तर द्या.

त्यानंतर मी त्यांची कॉफी जरा मन लावून चाखू लागले.

काही महिन्यांनी प्रज्ञाला ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या दुकानात काम मिळालं. जाण्याआधी चार दिवस ती नाशिकला आली. सरांनी तिला काय म्हणून ऑफिसात बोलावलं कोण जाणे, बहुधा कारखाना दाखवतो म्हणाले असतील. त्या दिवशी सर इस्त्रीचा नवा शर्ट घालून आले. सकाळची कॉफी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी घोट घेतला आणि खरंच थांबले. आधी कडू, मग गुळाच्या पाकासारखं काहीतरी, आणि मागे बराच वेळ जिभेवर राहणारी गोडी. मी तसं सांगितलं. सर लहान मुलासारखे लाजले. ग्राइंडरच्या चकतीवर त्यांनी पेन्सिलनं बारीकशी खूण केली आणि सकाळभर तिथं कुणाला फिरकू दिलं नाही.

दुपारी गेटवरून फोन आला, मुलगी आली आहे. सर तिला आणायला, आणि आधी शॉप दाखवायला गेले. आणि नेमके तेवढ्यात कोठावदे पुण्याची पार्टी घेऊन पँट्रीत आले. मी स्टोअरमध्ये गेले होते. परत आले तोवर कोठावद्यांनी पाहुण्यांना झटपट कॉफी पाजून वाटेलाही लावलं होतं. धार लवकर पडत नाही म्हणून चकती सैल केली होती, आणि जाताना चांगुलपणानं चकतीसकट सगळं ओल्या फडक्यानं पुसूनही ठेवलं होतं. पेन्सिलची खूण त्यात गेली. मला हे सगळं नंतर कळलं.

प्रज्ञा उंच, सावळी, केस आखूड कापलेले. वडलांसारखीच चष्म्यावरून बघायची लकब. सरांनी माझी ओळख करून दिली. मग त्यांनी चाळणी हातात घेतली. मुलगी चकित होऊन बघत राहिली. दळलं, सारखं केलं, ओठ आवळून दाबलं. बटण दाबलं, आणि धार नळासारखी भसकन आली, पांढुरकी, पाणचट. क्षणात कप भरला.

सरांचा चेहरा मला बघवेना. ते म्हणाले, "हे नको. थांब, दुसरी करतो." हात चकतीवर गेला, पण खूण सापडेना. तिनं कप उचलला होता. "असू द्या ना पप्पा, छान आहे," ती म्हणाली, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग हसून म्हणाली, "खूप छान झालीय. थँक यू."

तेवढ्यात शॉपमधून सरांना बोलावणं आलं, कसला तरी माल अडला होता. पाच मिनिटांत येतो म्हणून ते गेले. प्रज्ञानं कप धुतला, पालथा घातला. वाफेच्या नळीवरून बोट फिरवून पाहिलं. नळी लख्ख होती. मला म्हणाली, "पप्पा रोज करतात हे?" मी म्हटलं, रोज. "पण त्यांना कॉफी चालत नाही." मी म्हटलं, पीत नाहीतच ते. तिनं चाळणी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाली, "मग करतात कशाला?"

सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगणं माझं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हीच विचारा ना त्यांना."

काचेपलीकडे, खाली शॉपमध्ये सर कुणाशी तरी बोलत होते, चष्मा कपाळावर चढवलेला. ती त्यांच्याकडे बघत राहिली. "विचारते," म्हणाली.

सर परत आले. आईनं काय काय सामान आणायला सांगितलंय, विमान मुंबईहून किती वाजता आहे, एवढं दोघांचं बोलणं झालं. ते तिला गेटपर्यंत सोडायला गेले. मी खिडकीतून पाहत होते. रिक्षा आली, ती वाकून पाया पडली, रिक्षा गेली. सर तिथंच उभे राहिले, वॉचमननं खुर्ची पुढे करेपर्यंत.

वर आल्यावर ते माझ्या टेबलापाशी थांबले. "बघितलंत ना मॅडम," म्हणाले. "कॉफी वाईट होती. तिला कळत नसेल होय? शिव्या घातल्या असत्या, हे काय केलंत पप्पा म्हणाली असती, तर बरं वाटलं असतं. गिऱ्हाईकाला म्हणावं तसं थँक यू म्हणाली. आपल्यात बापाला कुणी थँक यू म्हणतं का?"

ते निघाले, आणि पुन्हा वळले. "मी खाली होतो तेव्हा काही बोलली का तुमच्याशी?"

मी सांगितलं, तुम्ही पीत नाही तर करता कशाला, असं विचारत होती.

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुम्हालाच विचारा."

सर बाजूच्या खुर्चीवर हळूच टेकले. शर्टाची बाही उगाचच सरळ केली.

"नाही विचारलं तिनं," ते म्हणाले. मग जरा पुढे सरकून म्हणाले, "पण विचारावंसं वाटलं तिला. तुमच्यासमोर बोलली ना तसं?"

मी हो म्हटलं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, तिच्याच शब्दांत, जसंच्या तसं.