सासूबाईंचं ‘बरं’

सूनबाई घरी बसून नोकरी करायची, पण ती नेमकं काय करते हे सासूबाईंना तीन वर्षांत उमगलं नव्हतं. विचारलं की सांगायची, बाहेरच्या दुकानांची यंत्रणा वेगळी, ऑफिसची आतली वेगळी. दोघींना एकमेकींशी बोलायला लावणारा जोड मी बनवते, एकदा बनवला की कुठेही लावा. सासूबाई म्हणाल्या, लग्नं जुळवणाऱ्या बायका हेच करतात, फक्त त्यांना फिरती खुर्ची लागत नाही.

नव्या जोडाचं नाव ‘होकार’. कॉम्प्युटरने विचारायचं, माणसाने तोंडाने ‘बरं’ म्हणायचं, की काम मंजूर. घरच्या वाणसामानावर तो छान चालला, म्हणून सूनबाईने तोच उचलून ऑफिसातल्या रजांनाही लावला. उद्या साहेबांना दाखवायचा होता. पसंत पडला तर तिची तीन महिने लटकलेली बढती सुटणार होती.

दुपारी ती जेवायला उठली आणि सासूबाई त्या उघड्या कॉम्प्युटरशेजारी बसून बहिणीशी फोनवर बोलल्या. बोलली बहीणच. यांचं नुसतं ‘बरं... बरं... बरं’. तासाभरात दारात साबणाच्या अकरा वड्या आल्या आणि सूनबाईच्या हाताखालची सहाही माणसं रजेवर गेली.

"आई, काय बोललात तुम्ही इथे?"

"मी कुठे बोलले? मी तर ऐकत होते."

सहा जणांच्या विनवण्या करून झाल्यावर सूनबाईने मंजुरीचा शब्दच बदलला. सासूबाईंच्या तोंडून जन्मात निघाला नाही असा शोधला: ‘माझं चुकलं’. सासूबाईंना ते झोंबलं, पण भांडायला जागा सापडेना.

सकाळी साहेब पडद्यावर आले. म्हणाले, रजांचं राहू दे, माझ्याकडच्या मंजुऱ्या जोडून दाखव. तिने जोडल्या. यादीत सगळ्यात वर तिचीच बढती निघाली. साहेबांनी घसा खाकरला. "हे नंतर बघू."

तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. शेगडीपाशी सासूबाईच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने सासरे खणखणीत आवाजात म्हणाले, "माझं चुकलं."

‘मंजूर,’ पडद्यावर उमटलं.

साहेब गोरेमोरे झाले. हे रद्द कसं करायचं, त्यांनी विचारलं. सूनबाई नम्रपणे म्हणाली, सोपं आहे. तुमच्या वरच्या साहेबांना लिहून कळवायचं, की मंजुरी चुकून गेली, माझं चुकलं.

साहेबांनी ‘माझं’ एवढं टाइप केलं आणि खोडलं.

"असू दे," शेवटी ते म्हणाले. "माझा विचार झालाच होता."

दाराआडून ऐकणाऱ्या सासूबाईंना तो माणूस एकदम रक्ताच्या नात्यातला वाटला.