काकाजींचा जर्मन

आमच्या काकाजींनी जन्मात दारूचा थेंब चाखलेला नाही. पण बिअर कशी करतात हे ऐकायचं असेल तर अख्ख्या आमगाव तालुक्यात त्यांच्यासारखा माणूस नाही. "जव भिजवाचा, मोड आनाचे. आपन पऱ्ह्याच्या रोपासाठी धान भिजवतो न, तसंच गा!" हे ते तेरवीच्या पंगतीतसुद्धा सांगतात.

टिकारामकाकाजी निवृत्त मास्तर. तीसेक वर्षांपूर्वी त्यांना रद्दीत एक इंग्रजी पुस्तक सापडलं. हेन्री नावाचा एक जर्मन गाडीत पिंपं लादून अमेरिकेच्या ओसाड मुलखात बिअरची भट्टी टाकायला जातो, त्याची हकीकत. तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की काकाजी ती काकीला सांगतात. आणि उरलेला दिवस आम्हाला. माझं झेरॉक्सचं दुकान बुडालं तेव्हा मी त्यांच्याकडे रडायला गेलो, तर म्हणाले, "जर्मनाची भट्टी दोनदा जळली. तुहं दुकान तं एकदाच बुडालं. कायले रडून राहिला?"

परवा गोंदियात काकीचं ऑपरेशन होतं. पोटातली गाठ काढायची होती. दीड तास सांगितला होता, तीन होत आले. सिस्टर दरवेळी एकच म्हणायची, "अभी टाइम है, काकाजी."

काकाजी बाकावर बसून होते. तीन तासांत एकदाही जर्मन नाही! दारावरच्या लाल दिव्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली. धीर देण्यात मी पहिल्यापासून कच्चा. म्हटलं, "काकाजी, जर्मनाचं काय चालू आहे सध्या?"

त्यांचा चेहराच उतरला.

"त्याची बायको, एल्सा, बर्फाच्या वादळात हरवली गा. काल तिथंच थांबलो. तुही काकी म्हने, बाकीचं मी आल्यावर सांगजा." मग म्हणाले, "कायले हरवलो मी तिले? घरातच ठेवलो असतो तं काय बिघडत होतं?"

"पुस्तकात असेल तसंच होणार ना!" म्हणत मी बाकावरच्या त्यांच्या पिशवीत हात घातला. शेवटचं पान काढायचं आणि एल्सा सापडल्याचं वाचून दाखवायचं, अशी माझी हुशारी. वर काकीने सकाळी त्यांच्यासाठी कोंबलेला मफलर होता, खाली पुस्तक.

पुस्तक बेचाळीस पानांचं. पुढचं सगळं वाळवीनं खाल्लेलं. बेचाळिसाव्या पानावर हेन्री नुकता गाडीतून उतरत होता. भट्टी नव्हती. एल्सा तर नव्हतीच.

खरं म्हणजे मला आधीच कळायला हवं होतं. अमेरिकेतली कुठली बाई एल्सासारखी आपल्याकडच्या लाखोळीची भाजी वाळवून ठेवते?

"काकीला माहीत आहे हे?"

"तिले कुठं इंग्रजी येते?" काकाजी दारावरून नजर काढत नव्हते.

दार उघडलं. डॉक्टरांनी मान डोलावली, "सब ठीक है." मागून स्ट्रेचर आलं. काकाजी धडपडत उठले आणि काकीच्या कानाशी वाकून चालू लागले.

"हेन्री कंदील घेऊन निंगाला वो... शोधून राहिला तिले..."

काकीचे डोळे मिटलेलेच होते. ओठ तेवढे हलले.

"त्याले म्हना... मफलर बांध. सकाळपासून उघड्या गळ्यानं फिरून राहिला."

काकाजी जागीच थांबले. मग माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, मफलर काढला आणि गुमान गळ्याभोवती बांधला.