सत्तावीस गुणांचा बाण

कुठलंही इन्फोग्राफिक, म्हणजे चित्रातून माहिती सांगणारा तक्ता, माझ्यापुढे ठेवा, तीन सेकंदांत त्याचा निकाल लावतो! आमच्या ऑफिसात तेच माझं काम. रंगाला दहा, मांडणीला दहा, परिणामाला दहा. तीसपैकी एकविसाच्या वर या बाणाआधी कुणाला चढू दिलं नव्हतं. घरीही तोच खाक्या! बायकोनं फ्रिजवर लावलेल्या आठवड्याच्या कामांच्या तक्त्याला मी चौदा दिले होते. पुढचे दोन दिवस माझ्या ताटात काय पडलं, ते विचारू नका.

तर झालं असं, की आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याचं इन्फोग्राफिक आमच्या डिझायनर बाईंनी बनवलं. लाल रंगावर धावणारा पांढरा माणूस, डावीकडे जाणारा ठसठशीत बाण आणि खाली एक दार: 'मागे दार ओढून घ्या.' बस्स! मोठे साहेब मला म्हणाले, "उद्या अग्निशमनचे अधिकारी सराव घ्यायला येताहेत. नीट पार पडला, तर विभागप्रमुखाची खुर्ची तुमची."

खुर्ची! खिडकीजवळची! बायकोनं लगेच मेहुणीला फोन करून सांगूनसुद्धा टाकलं.

मी हात सैल सोडून सत्तावीस गुण दिले. फक्त एक गोष्ट खटकत होती. बाईंनी तक्ता लावला होता त्या लिफ्टशेजारच्या भिंतीवर ऊन येत होतं, त्यामुळे त्याची काच चकाकायची. मी तो उचलला आणि पॅसेजच्या समोरच्या भिंतीवर टांगला.

"अहो, तिकडे नको!" बाई धावत आल्या. "मी तो या भिंतीसाठी..."

"बाई, उजेड बघा उजेड! काढायचं काम तुमचं, जोखायचं माझं."

मी वर सगळ्यांना दमही भरला, "उद्या स्वतःचं डोकं चालवायचं नाही! चित्र सांगेल तिकडेच जायचं. नाहीतर नाव साहेबांकडे जाईल!"

खरं तर डोकं चालवणार तरी कोण? तिसरा मजला, सगळे लिफ्टनं येणारे. पॅसेजच्या दोन्ही टोकांना सारखीच करडी दारं. त्यातलं जिन्याचं कुठलं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. एकेकानं चित्राकडे नजर टाकली आणि डावीकडे धाव घेतली! एक माणूस चुकला नाही. माझा ऊर भरून आला. सगळे दारातून आत गेले, पाठोपाठ साहेब, अधिकारी आणि मी. चित्रात म्हटल्याप्रमाणे मी मागे दार ओढून घेतलं. खट्!

अंधार.

"पुढे सरका!"

"पुढे भिंत आहे!"

"माझ्या पायावर कोण उभंय?"

"मी आहे," साहेब म्हणाले.

"मग राहू द्या, साहेब!"

"बावन्न सेकंद," अधिकाऱ्यांचा आवाज आला. "एवढी शिस्त मी कुठेच पाहिली नाही. पण आपण आहोत कुठे?"

"स्टोअररूममध्ये," कागदांच्या गठ्ठ्यांमागून बाई शांतपणे म्हणाल्या. "त्या भिंतीवर बाण जिन्याकडे जात होता. समोरच्या भिंतीवर नेला, की डावीकडे ही खोली येते. आणि हे दार आतून उघडत नाही."

एकेचाळीस माणसं एकदम माझ्याकडे वळली. अंधारातसुद्धा ते मला कळलं!

आमचा आरडाओरडा ऐकून दहा मिनिटांनी कुणीतरी बाहेरून दार उघडलं. दारात सफाईच्या मावशी, कमरेवर हात ठेवून उभ्या. "खाली अंगणात मी एकटीच! किती वेळ वाट बघायची माणसानं?"

"मावशी, तुम्ही चित्र पाहिलं नाही?" मी कसंबसं विचारलं.

"पाहिलं की! झकास आहे. पण जिना मी रोज पुसते. तो कुठे आहे, हे चित्राला कशाला विचारू?"

अधिकाऱ्यांनी अहवालात लिहिलं: 'इन्फोग्राफिक अत्यंत परिणामकारक. सबब ताबडतोब उतरवावे.' पहिलं वाक्य मी साहेबांना तीनदा वाचून दाखवलं. ते दुसरंच वाचत होते.

खुर्ची बाईंना मिळाली. मेहुणीला काय सांगायचं, यावर घरी अजून विचार चालू आहे.

परवा बाईंनी नवा तक्ता आणला, स्वतःच्या हातानं, स्वतःला हव्या त्या भिंतीवर ठोकला आणि मागे वळून विचारलं, "किती देता?"

तीसपैकी तीस दिले. काय करणार, हातोडी अजून त्यांच्याच हातात होती!