हिवराजची आफ्रिका

हिवराज झाडाला टांगलेल्या खाटेवर बसून जेवायचा. आमच्या क्वार्टरांच्या मागे एक कडुनिंब होता. संध्याकाळी त्याच्या फांदीला दोरांनी खाट अडकवायची, कोणाला तरी झोका द्यायला सांगायचं आणि हेलकावे घेत वरणभात खायचा. वरण सदऱ्यावर सांडलं की शांतपणे म्हणायचा, "जहाजात असंच असते."

हा गृहस्थ पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. एकटाच राहायचा. आफ्रिकेत मोंबासाला त्याचा मावसभाऊ रेल्वेत होता. त्याने 'एकदा येऊन जा' म्हटलं आणि तेव्हापासून आमच्या क्वार्टरांच्या रांगेत आफ्रिकेशिवाय विषय उरला नाही. हिवराजने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली वैनगंगा. तरी पार रुआबांध्याच्या वस्तीतून लोक त्याला समुद्राबद्दल विचारायला यायचे, आणि तो सांगायचा.

मी भट्टीच्या पायाची माती टोपल्याने वाहिली आणि तिथून फिटर झालो. मला कधी कोणी काही विचारायला आलं नाही. कारखाना उभारायला आलेल्या ज्या रशियन साहेबाच्या हाताखाली मी घाम गाळला, त्याला माझं नाव येत नव्हतं. आफ्रिकेचं ऐकून हिवराजशी मात्र त्याने हात मिळवला. माझी बायकोसुद्धा त्याच्यासाठी कुरडया आणि तिखट बांधू लागली. मला डब्यात रोज आंबाडीची भाजी.

पण खरं दुखणं पेटीचं होतं. प्रवासाची लोखंडी पेटी घ्यायला मी त्याच्याबरोबर दुर्गच्या बाजारात गेलो. कड्यांना नावं ठेवली, पत्र्याला नावं ठेवली, दुकानदाराशी घसा बसेपर्यंत भांडलो, तेव्हा कुठे तो निम्म्यावर आला. आणि हिवराजने रांगेत काय सांगितलं? आफ्रिकेचं नाव ऐकताच दुकानदार पाघळला म्हणे. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं. घरात कुरडईचा वास आला तरी ताटावरून उठायचो.

पासपोर्ट आला, रजा मंजूर झाली. निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"भाऊ, तुमी म्हनान तं मी नाही जात."

माझ्या एका शब्दात सगळी आफ्रिका बुडणार होती.

मग तोच बोलू लागला. त्याचं म्हणणं, त्याच्या जाण्याचा साऱ्या रांगेला आनंद झाला होता, राग आला तो फक्त मला. "गाव सोडलं तवा भावानं त्याच दिवशी माह्या खोलीत कांदे पसरले. कावून चालला म्हनून कोनी नाही इचारलं. अन वहिनी सांगे, मी जाऊन राहिलो म्हनून तुमाले जेवन जाऊन नाही राहिलं."

पेटीचं सांगायला मी तोंड उघडलं. त्याचे डोळे भरले होते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन महिने."

"एक."

"भाऊ, जान्यायेन्यातच महिना जाते."

"मग दोन. वर एक दिवस नाही."

"दोन," तो म्हणाला.

इतक्या पटकन कबूल झाला, की आपण दीड म्हणायला हवं होतं असं मला तो परत येईपर्यंत वाटत राहिलं.