राक्षस आणि चार अध्यक्ष

परदेशातली गिऱ्हाइकं आता पुरेशी झाली असून यापुढचा विस्तार मुरुम गावात करावा, असा ठराव पुण्याच्या एका खेळ-कंपनीनं मार्च महिन्यात एकमतानं संमत केला. खेळाच्या खोक्यावरच्या चिलखतवाल्या सरदाराला फेटा बांधण्यात आला. खोकं इथल्या मातीतलं झालं.

खेळ साधा. पट नाही, सोंगट्या नाहीत. चौघांनी टेबलाभोवती बसायचं, एकेक सोंग घ्यायचं. पाचवा माणूस सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, राक्षसाच्या तोंडूनही तोच बोलतो, आणि अधूनमधून विचारतो, "आता काय करता?" गडी सांगतात, वीस तोंडांचा फासा टाकतात, आणि फासा सांगेल तसं होतं.

मुरुमची सूत्रधार म्हणून करिश्माची नेमणूक झाली, तीन महिन्यांच्या अटीवर. मुदतीत एक तरी डाव पुरा व्हावा, गावाचं पाणी अडवून बसलेला राक्षस मरावा, आणि मारणाऱ्या वीराचं नाव विहित नमुन्यात भरून पाठवावं. तसं झालं तर नोकरी कायम. नाही झालं तर पुन्हा झेरॉक्सचं दुकान, जिथं तिनं चार वर्षं दुसऱ्यांचे नोकरीचे अर्ज काढून दिले होते.

गुंडाप्पामामांच्या बी-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर टेबल मांडलं. स्वतः मामा, शेजारच्या रुद्रम्माकाकू, निवृत्त मुख्याध्यापक हणमंतप्पा गुरुजी आणि फ्लेक्सवर बारमाही हसणारे शिवराजदादा, असे चार गडी जमले. नियमांच्या पुस्तकात सोंगंही चारच होती. तलवारबाज, चेटकीण, चोर आणि भटका गवई.

"चेटकीण म्हणवून घेऊ व्हय मी?" काकू म्हणाल्या. "सुना काय म्हणतील?"

"नवीन काय म्हणणार न्हाईत," मामा म्हणाले.

गुरुजींच्या वाट्याला चोर आला. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी सव्वीस वर्षं मुख्याध्यापक होतो."

"मग अनुभव हाय की, गुरुजी," मामा म्हणाले.

तलवारबाज व्हायला शिवराजदादांची हरकत नव्हती, फक्त तलवार दुसऱ्यानं धरावी असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी चौघांनीही अध्यक्ष व्हायचं ठरवलं. करिश्मानं पुस्तक उलटसुलट चाळलं. अध्यक्षाला मनाई कुठंच नव्हती. तेव्हा एक अध्यक्ष, एक माजी अध्यक्ष, एक कार्याध्यक्ष आणि एक मानद अध्यक्ष असे चौघं जंगल तुडवीत निघाले आणि पहिल्याच दिवशी गुहेपाशी पोचले.

"समोर राक्षस आहे," करिश्मा म्हणाली. "काय करता?"

मामांनी फासा उचलला, कपाळाला लावला आणि हळूच खाली ठेवला. "आज सोमवार. आज माझ्या हातनं जीव जायाचा न्हाय."

"मामा, राक्षस खोटा आहे."

"राक्षस खोटा आसंल. सोमवार खरा हाय ना?"

यावर पुस्तकात उत्तर नव्हतं. मंगळवार काकूंचा, तुळजापूरच्या आईचा. शुक्रवारही त्यांचाच. गुरुवार दादांचा. शनिवारी गुरुजी मारुतीला तेल घालत. रविवारी दादांच्या घराण्याला अणदूरच्या खंडोबाचा वार. चौघांनी मिळून आठवडा असा वाटून घेतला होता, की राक्षसाला बुधवारखेरीज मरायला दिवसच नव्हता.

व्रत धरणाऱ्याला हसू नये. धरलेला वार माणसाला आतून सरळ करतो. एवढंच, की गेल्या सालचं बियाणं मामांच्या दुकानातून सोमवारीही खपत होतं. जे उगवतच नाही त्यात जीव कुठला? आणि सुनेच्या माहेराचा उद्धार काकू मंगळवारीच करत, कारण उपासाच्या दिवशी तोंड मोकळं असतं.

राहिला बुधवार. तर एका बुधवारी अमावास्या निघाली, एका बुधवारी एकादशी. एका बुधवारी काकूंच्या भाचीचं डोहाळजेवण होतं, आणि गर्भारशीच्या घरचं जेवून हिंसा करायची नाही, हे राक्षसालाही पटण्यासारखं होतं. बाकीचे बुधवार चौघांपैकी कुणी ना कुणी लग्नाला गेलं म्हणून गेले. गुहेपाशी तंबू पडले, चहा होऊ लागला. अध्यक्षांनी राक्षसाला एक निवेदनही दिलं. करिश्मानं राक्षसाच्या आवाजात ते स्वीकारलं, तेव्हा दादांनी फोटो काढला.

बघता बघता मुदतीचा शेवटचा दिवस आला. तो बुधवार होता, आणि पंचांगात त्या दिवशी काहीच नव्हतं. करिश्मानं सकाळीच दोनदा बघून घेतलं होतं.

"आज कुणाचा उपास नाही," ती म्हणाली. "राक्षस झोपलाय. गुहेचं तोंड उघडं आहे. काय करता?"

मामांनी गुरुजींकडं बघितलं, गुरुजींनी काकूंकडं, काकूंनी दादांकडं.

दादा खाकरले. "जो कुणी आत जाईल, त्याला माझा जाहीर पाठिंबा हाय."

"माझाबी," मामा म्हणाले.

"माझा तर पहिल्यापासूनच होता," गुरुजी म्हणाले.

"पण आत कोण जाणार?" करिश्मानं विचारलं.

काकूंनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला. "तूच जा, बाय. तुला वाट ठाव हाय. आमी चौघं तुझ्या पाठीशी हाव."

"काकू, मीच तर राक्षस आहे."

"मग तर लई सोपं की. त्याचं दुखणं खुपणं तुला म्हाईत."

घड्याळात पावणेपाच झाले होते. पाच वाजता कंपनीकडं नमुना जायचा होता. करिश्मा उठली. एकदा या खुर्चीवर बसून तिनं तलवार उगारली, एकदा त्या खुर्चीवर बसून आग ओकली. स्वतःच वार केला, स्वतःच कण्हली. चौघं चहा पीत बघत होते आणि मोक्याच्या जागी चुकचुकत होते. एकदा ती राक्षसाच्या बाजूनं पार आडवी झाली, तेव्हा काकूंनी पदर डोळ्याला लावला. शेवटी फासा घरंगळत टेबलाच्या कडेला जाऊन थांबला. वीस. राक्षस मेला, गावाचं पाणी सुटलं.

करिश्मानं घाम पुसून नमुना काढला. सूत्रधाराचं नाव वीर म्हणून चालणार नाही, असं तळटीपेत छापलं होतं.

"वीर म्हणून कुणाचं नाव लिहू?"

तीन महिन्यांत पहिल्यांदाच चौघं एका सुरात बोलले. "माझं."

"सेवाज्येष्ठतेनं जा," गुरुजी म्हणाले.

"रकाना एकच आहे, गुरुजी."

"पुरवणी जोड. मी हयातभर जोडल्यात."

तिनं पुरवणी जोडली आणि पाचला दोन मिनिटं कमी असताना फोटो काढून पाठवला. लगेच पुण्याहून विस्तारप्रमुख मोनिका मॅडमचा फोन आला.

"चार वीर? इथं आम्हांला एक मिळेना. नेमकं केलं काय त्यांनी?"

खोटं सांगितलं असतं तर करिश्माचं भागलं असतं. "पाठिंबा दिला, मॅडम."

"बसून?"

"बसून."

"फासा न टाकता?"

"हातसुद्धा न लावता."

पलीकडं बराच वेळ टंकलेखनाचा आवाज येत राहिला.

करिश्माची नोकरी कायम झाली. महिन्याभरात नवी आवृत्ती निघाली, तिच्यात पाचवं सोंग आहे, हितचिंतक. त्याला नियम नाहीत, फासा नाही, गुहा नाही. एक जीव एकटा झुंजत असतो, ते हितचिंतकानं आरामात बसून बघायचं, जागोजाग हसायचं आणि शेवटी मान हलवून म्हणायचं, "खरंय बाई, सगळीकडं असंच चाललंय." जिल्ह्यात इतकी मागणी दुसऱ्या कुठल्याच सोंगाला नाही. कंपनीला तर ते फारच परवडतं, कारण त्याला खोकंही लागत नाही. कुणीतरी सांगावं आणि आपण वाचावं, तेवढ्यात एक डाव होतो. तुमचा आत्ता झाला.