फीत कुणी कापायची

विनिफ्रेड थॉर्नलीला ‘सर’च्या तोडीचा, बायकांना मिळणारा ‘डेम’ हा किताब मिळाला आणि थ्रॅपलबी गावानं सगळ्यात आधी अभिनंदन केलं ते तिच्या नवऱ्याचं.

“अभिनंदन, सर क्लिफर्ड!” खाटीक दुकानाच्या दारातूनच ओरडला.

“अहो, मला नाही मिळाला! विनीला मिळालाय.”

“हो हो, लेडी थॉर्नलींचंही अभिनंदन!” असं म्हणून त्यानं चांगल्यातल्या दोन चॉप्स बांधून दिल्या.

आता खाटकाला तरी काय बोलायचं? नियमच मुळात निर्लज्ज. नवरा सर झाला की बायको घरबसल्या लेडी होते. बायको डेम झाली तर नवरा मात्र होता तसाच मिस्टर. त्यामुळे बाईंना मान मिळालेला दिसला, की बुवांनीच काहीतरी दिवे लावले असणार, असं लोक धरून चालतात. या बुवांनी काय केलं होतं? जन्मभर गावची बस चालवली होती, आणि तीही कधी वेळेवर नाही! विनिफ्रेड सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. इस्पितळात बाळंतिणींसाठी वेगळा विभाग व्हावा म्हणून तिनं लंडनपर्यंत खेटे घातले, साहेबलोकांची बोलणी खाल्ली. तो विभाग आता उघडणार होता, आणि त्याची फीत आपण कापावी एवढंच तिला हवं होतं.

समारंभाला अख्खा गाव लोटला. समितीचे अध्यक्ष हडलस्टन माइकवरून गरजले, “स्वागत करू या, सर क्लिफर्ड आणि लेडी थॉर्नली यांचं!” आणि त्यांनी कात्री थेट क्लिफर्डच्या हातात दिली.

“क्लिफ,” विनिफ्रेड दात-ओठ खात म्हणाली, “ती कात्री आधी खाली ठेव.”

क्लिफर्डनं माइक ओढून घेतला. “मंडळी, मी सर-बिर कुणी नाही. साधा बस ड्रायव्हर आहे. किताब हिचा आहे, हिनं केलेल्या कामाचा!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

“काय हा विनय!” हडलस्टननी डोळे पुसले. “सरदार असावा तर असा!”

“विनय कसला डोंबलाचा!” विनिफ्रेडनं माइक हिसकावला. “खरं तेच सांगतोय तो! डेम मी आहे. हा मिस्टर!”

या वेळी एकही टाळी पडली नाही. पुढच्या रांगेत पाद्रीणबाई शेजारणीच्या कानाशी लागल्या. “नवऱ्याचा मोठेपणा बघवत नाही हो काही बायकांना.”

हे क्लिफर्डच्या कानावर गेलं. बायकोपुढेसुद्धा कधी आवाज न चढवलेला माणूस, पण आज त्याचं टाळकंच सरकलं. “अरे गाढवांनो, तुम्हाला कळतं की नाही?”

“शांत व्हा, सर क्लिफर्ड, शांत व्हा!” हडलस्टन त्याची पाठ थोपटू लागले.

एवढ्यात तिसऱ्या रांगेतून किंकाळी आली, “आई गं!” नऊ महिने भरलेली डोरिस पोट धरून खुर्चीतून उठत होती.

“सर क्लिफर्ड, काहीतरी करा!” हडलस्टन घाबरून ओरडले.

क्लिफर्ड मटकन खाली बसला. विनिफ्रेड केव्हाच डोरिसपाशी पोचली होती. तिला चाकाच्या खुर्चीत बसवून, “व्हा बाजूला!” म्हणत ती दाराकडे सुसाट निघाली. दारात फीत आडवी होती. ती खुर्चीला अडकून ताणली गेली आणि तुटली. कात्रीची कुणाला आठवणही झाली नाही.

चहाच्या वेळेपर्यंत आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. सगळा गाव दारातच ताटकळत होता. डोरिसची आई धावत बाहेर आली. तिच्या मागोमाग हात पुसत विनिफ्रेड.

“मुलगा झाला!” आजी रडत-हसत म्हणाली. “आज या विनीबाई नसत्या तर काही खरं नव्हतं! डोरिस म्हणते, यांचे उपकार मी कधी विसरायची नाही. म्हणून बाळाला नाव यांच्याच घरातलं ठेवलंय!”

विनिफ्रेडचे डोळे भरून आले. आज पहिल्यांदा कुणीतरी नीट बोललं होतं.

“क्लिफर्ड!” आजीनं जाहीर केलं. “सरांसारखाच मोठा होऊ दे गं बाई माझा राजा!”