पन्नासातलं सतरावं संत्रं

मोरेश्वर गोहाड यांच्या मते नागपूर ते इटारसी या पट्ट्यात बुद्धी एकाच घरात उतरली होती आणि त्या घराचा मालक योगायोगाने तेच होते. पांढुर्णा जिल्हा झाला त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःला बढती देऊन दारावर नवी पाटी लावली, ‘जिल्हास्तरीय गुप्तहेर’. गुप्तहेर कुठे राहतात हे कुणाला विचारावं लागू नये म्हणून चौकात बाणही काढवून घेतला. तो बाण रंगवला त्यांचा मेहुणा आणि बिनपगारी सहायक तुळशीराम याने. आजवर आपल्या हातून झालेलं एकमेव उपयोगी काम तेच, असं तुळशीरामचं प्रामाणिक मत होतं.

या खेपेला बोलावणं आलं ते निवृत्त चित्रकला शिक्षक मुकुंद सरांकडून. महायुद्धानंतरच्या जपानी कलावंतांचे लाकडी ठशांचे छापे जमवायचा सरांना नाद होता. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, खाली पेन्सिलीने सही, कोपऱ्यात लाल शिक्का. एका संचातले बारा हवे होते, एकोणीस वर्षांत अकरा मिळाले. बारावा, डहाळीवरच्या केशरी फळाचा, सोमवारी टपालाने आला आणि मंगळवारी टेबलावरून नाहीसा झाला. पंधरा दिवसांवर मुलीचं, प्राजक्ताचं, लग्न होतं, पण छापा सापडेपर्यंत दारात मांडव उभा राहणार नाही, असं सरांनी जाहीर केलं होतं.

ते संत्रं नसून जपानी फळ आहे, हे सरांनी तीनदा समजावलं. मोरेश्वररावांनी वहीत ‘संत्रं’ लिहिलं.

पहिला संशय अर्थात जपानवर. तुळशीराम दिवसभर बसस्टँडवर जपानी माणूस शोधत बसला आणि उन्हाने भाजून परतला. मग मोरेश्वररावांचं लक्ष सरांनी काढून ठेवलेल्या छाप्याच्या फोटोतल्या आकड्यांकडे गेलं, सतरा भागिले पन्नास. पन्नास प्रतींतली ही सतरावी, एवढाच त्याचा अर्थ, असं सर म्हणाले. मोरेश्वरराव कीव आल्यासारखे हसले.

“हे मार्क आहेत सर. तुम्ही नापास केलेला पोरगा बदला घेऊन राहिला.”

“भाऊजी, तेहतीस टक्क्याले पास, पन्नासात सतरा म्हणजे पास,” तुळशीराम म्हणाला.

“काठावर पास. त्यात अपमान जास्त असते.”

दुर्दैवाने होणारा जावई केतन समोरच बसला होता. सौंसरच्या संत्र्याच्या बगीचेवाल्यांचा मुलगा, शाळेत सरांचाच विद्यार्थी, आणि छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा मंगळवारी तोच घेऊन आला होता. चित्रकलेत किती मार्क होते, असं विचारल्यावर त्या सरळ मुलाने सतरा सांगितले. सर त्याच्याकडे बघत राहिले. केतनने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठला. तुळशीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्राजक्ता आत गेली आणि आता लग्न कसलं म्हणून पत्रिकांचा गठ्ठा आणून केतनच्या हातात द्यायला लागली. देता देता थांबली.

“हा गठ्ठा त बांधलेलाच आहे. आई, मंगळवारी तू जामसांवलीच्या मारुतीले पहिली पत्रिका कोनती ठेवली?”

“टेबलावरची,” मीनाताई म्हणाल्या. “मले नमुन्याची वाटली. जाड कागद, लाल शिक्का, अन् वर संत्रं. बगीचेवाले लोक, संत्रंच छापतीन ना. चष्मा नव्हता, पन चारही कोपऱ्याले हळद-कुंकू बराबर लावलं.”

सर चपला शोधायला धावले.

तासाभरात सगळे जामसांवलीच्या मारुतीपुढे. पत्रिकांच्या ढिगातून पुजाऱ्याने छापा काढून दिला. कोपरे पिवळे झाले होते, फळ शाबूत होतं. सरांनी तो पिशवीत ठेवायला घेतला, तेव्हा मीनाताई हळूच म्हणाल्या, “देवाले देलेलं आवतन वापस नेता? मंग लग्नाले कोन येईन?”

खऱ्या पत्रिकेशी अदलाबदल करू, देवाला काय कळते, असं मोरेश्वररावांनी सुचवलं. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. सर छाप्याकडे बघत होते, मग लांब खांबाशी उभ्या असलेल्या केतनकडे. एकोणीस वर्षं सोपी नसतात. शेवटी त्यांनी छापा देवापुढे ठेवला आणि केतनला जवळ बोलावलं.

“तुले सोळाच होते रे,” ते म्हणाले. “एक मार्क मीच वाढवला होता.”

केतनची मान खाली गेली. मग तो छाप्याकडे बघत म्हणाला, “सर, संत्रं मात्र मस्त काढलं.”

सरांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि डोळे पुसले.

“हो,” ते म्हणाले. “मस्तच आहे संत्रं.”

मोरेश्वररावांनी लगेच वही उघडून ते पान तुळशीरामच्या नाकासमोर धरलं. “पाय बरं. मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं.”